सीमेवरच्या गावात, सहकुटुंब

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. येत्या हिवाळ्यात त्या सासू-सासरे, पती व दोन मुले यांसह गोरखपूरमार्गे नेपाळात जाणार आहेत. लुंबिनी पाहावी, पोखऱ्यास दोन दिवस राहावे आणि काठमांडूस पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन परतावे, असा बेत आहे. गाडी घरचीच आहे. बेताविषयी त्यांना काही विचारावयाचे नाही. त्यांची शंका निराळीच आहे. त्या लिहितात, "शेजारचे एक गृहस्थ नुकतेच जाऊन आले. ते म्हणतात की, सीमेवर पोलिसांच्या हातावर काही ठेवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा दोन-तीन हजार रुपये त्यासाठी वेगळेच काढून ठेवा. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर मुलांच्या देखत आम्ही ते कसे द्यावे?"

प्रश्नाचा हा उत्तरार्ध वाचून मी थोडा वेळ थांबलो. लाच देताना आपल्याला कायद्याची भीती फारशी वाटत नाही, पण मुलाची नजर मात्र सोसवत नाही. मी स्वतः एकदा अशाच प्रसंगात सापडलो होतो, आणि तेव्हा माझ्या सोबत मुले नव्हती म्हणूनच की काय, मी पैसे देऊन मोकळा झालो. ती हकीकत पुढे सांगतो. आधी सीमेवरच्या गावाचे एकंदर स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे.

भारत व नेपाळ यांच्यात १९५० साली जुलैच्या अखेरीस जो मैत्रीचा करार झाला, त्यायोगे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्या-येण्याची मोकळीक आहे. उत्तराखंडापासून सिक्कीमपर्यंत पाच राज्यांना लागून सुमारे १,७५१ किलोमीटरची ही सीमा आहे. तिला काटेरी कुंपण नाही. सोनौलीसारख्या ठिकाणी गेल्यास असे दिसते की, एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दुकाने, मधोमध कमान, मालमोटारींची लांबलचक रांग; आणि त्या कमानीखालून सायकलवर भाजीची टोपली बांधलेला माणूस कोणाकडे न बघता आरपार निघून जातो. सासर एका देशात आणि माहेर दुसऱ्या देशात, अशी घरे त्या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने ती सीमा म्हणजे गावातलीच एक वेस. कोणी त्यांना अडवीत नाही, कारण सगळे त्यांना ओळखतात.

आपल्याला मात्र कोणी ओळखत नाही. आपल्या बॅगा, आपली गाडीवरची नंबरपाटी, आपले इकडेतिकडे बघणे, सगळेच आपण परके असल्याचे सांगत असते. शंभर-दोनशे पावलांत कायदा बदलतो, नाणे बदलते, घड्याळदेखील पंधरा मिनिटांनी पुढे जाते. त्यात मोबाइल बंद पडतो, कारण भारतातले सिमकार्ड पलीकडे विशेष सोय करून घेतल्याखेरीज चालत नाही. बहुतेक प्रवासी तेथे पोहोचतात तेही रात्रभराच्या रेल्वेप्रवासाने शिणून, नाहीतर दिवेलागणीच्या सुमारास मुक्कामाची काळजी डोक्यात घेऊन. अशा अर्धवट अवस्थेतल्या माणसावर ज्यांची उपजीविका चालते असे लोक जगातल्या प्रत्येक सीमेवर आढळतात. त्यांपैकी काहींच्या अंगावर खाकी असते, बहुतेकांच्या नसते.

आता माझी हकीकत. साल २०१४. मी, माझी पत्नी, सत्तरी ओलांडलेली मावशी आणि भाचा असे चौघे एका भाड्याच्या जीपमधून निघालो होतो. गावाचे नाव व सीमेची बाजू मी सांगत नाही. तो माणूस तेथे अजून असेलच असे नाही, आणि गावातल्या बाकीच्यांनी काही केलेले नव्हते. त्या काळी पाचशे आणि हजाराच्या भारतीय नोटा नेपाळात नेण्यास मनाई होती. हे मला ठाऊक होते. म्हणजे असे की, कोठेतरी वाचले होते आणि 'एवढे कोण पाहते' म्हणून सोडून दिले होते. मावशीने मात्र देवाला वाहण्यासाठी पाचशेच्या नोटांची एक घडी रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवली होती, आणि चहाच्या दुकानापाशी सुटे पैसे काढताना ती घडी बाहेर आली.

दोन मिनिटांत एक गृहस्थ जवळ आला. खाकी स्वेटर, पायांत साधे बूट, छातीवर नावाची पट्टी नाही. त्याने आमच्यापैकी भाच्यालाच निवडले. वयाने लहान, म्हणून असेल. त्याला दुकानामागे नेऊन म्हणाला, या नोटा म्हणजे गुन्हा आहे, आता पंचनामा होईल, म्हातारीला रात्रभर चौकीवर बसावे लागेल. भाचा पांढराफटक चेहरा घेऊन परत आला. मावशी म्हणाली, "अरे, दे रे बाबा त्याला काय हवं ते. अंधार पडतोय." तीन हजार मागितले होते, दोन हजारांवर तुटले. नोट घेताना त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली. ज्या नोटा जवळ बाळगणे हा गुन्हा म्हणून त्याने आम्हाला धमकावले होते, त्यांतल्याच चार त्याने खिशात घातल्या.

जीपमध्ये बसल्यावर कोणी काही बोलले नाही. तो माणूस खरोखर पोलीस होता की नव्हता, हे मला आजतागायत माहीत नाही. मी त्याला एका शब्दानेही विचारले नाही.

पुढे बरेच दिवस मी त्याच्यावर चिडत होतो. सावकाश विचार केल्यावर ध्यानात आले की, त्याच्याजवळ भांडवल असे काहीच नव्हते. सगळे भांडवल आम्हीच पुरविले होते. आमची घाई, आमची भीती, आणि मुख्य म्हणजे आमची लहानशी खरी चूक. लाचेची मागणी बहुधा शुद्ध खोट्यावर उभी नसते. गाडीचा परवाना घेतलेला नाही, नोटा नियमाबाहेरच्या आहेत, बरोबरच्या माणसाजवळ ओळखपत्र नाही, असे काहीतरी खरे तिच्या तळाशी असते. त्यामुळे आपण मनातून आधीच अर्धे हरलेले असतो. चोरालाही हेच हवे असते आणि भ्रष्ट शिपायालाही. म्हणून वाचक भगिनींना माझे सांगणे असे की, शेजाऱ्यांच्या सल्ल्याप्रमाणे दोन-तीन हजार वेगळे काढण्यापूर्वी एक संध्याकाळ वेगळी काढावी, आणि सर्वांनी मिळून आपण कायद्याने कोणाला काय देणे लागतो व काय लागत नाही, हे नीट पाहून घ्यावे.

भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, आणि रस्त्याने जाताना कोणत्याही कागदावर शिक्का घ्यावा लागत नाही. तेव्हा सोनौलीस अगर रक्सौलला कोणी दलाल 'शिक्का मारून आणतो, माणशी पाचशे द्या' असे म्हणू लागला तर तो सरळ फसवीत आहे असे समजावे. मात्र ओळखपत्र जवळ हवे. प्रौढांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, आणि तेही मूळ प्रत. मोबाइलमध्ये साठविलेली कागदपत्रे आपल्याकडे चालतात, पलीकडे ती चालतील असे गृहीत धरू नये. आधार कार्डाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. २०१९ साली गृहमंत्रालयाने नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी ते मान्य केले, ते पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढील वृद्ध यांच्यापुरते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळखपत्र चालते. आजी-आजोबांची व नातवंडांची सोय लागते, परंतु मधल्या पिढीने केवळ आधारावर विसंबून राहू नये.

एक गोष्ट हल्लीच्या कुटुंबांत वारंवार घडते म्हणून येथेच सांगतो. मुलगा-सून परदेशी असतात आणि नातवंडांचे पासपोर्ट तिकडचे असतात. अशा नातवाला भारतीय कुटुंबाबरोबर कमानीखालून सहज चालत नेता येते, कोणी हटकीत नाही, आणि तेथेच घोटाळा होतो. त्याच्यासाठी भारताचा निर्गमनाचा शिक्का व नेपाळचा व्हिसा दोन्ही आवश्यक आहेत. ते राहिले तर परत येताना तो मुलगा कागदोपत्री कोठेच नसतो, आणि मग चिरीमिरी मागणाऱ्याला आपणच निमंत्रण दिलेले असते.

घरची गाडी नेणाऱ्यांनी नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयात, म्हणजे तिकडे ज्याला 'भन्सार' म्हणतात तेथे, जितके दिवस राहावयाचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून पावती घ्यावयाची असते. गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि वाहनचालकाचा परवाना यांच्या मूळ प्रती तेथे लागतात. कार्यालयाच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच चार जण गाडीभोवती गोळा होऊन 'भन्सार करून देतो' म्हणतील. त्यांना सुस्मित नकार द्यावा आणि स्वतः खिडकीशी जावे. रांग असते, पाऊण तास जाईल, कदाचित अधिक. परंतु आपण होऊन भरलेल्या पावतीवर दिवस किती लिहिले आहेत हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. दलालाने पाच दिवसांचे पैसे घेऊन दोन दिवसांचीच पावती हाती ठेवली, तर ते पोखऱ्याच्या वाटेवर कोणीतरी गाडी थांबविल्यावर कळते.

पैशाचे गणित सोपे आहे, पण ते पाठ असले पाहिजे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. दोन्ही नाण्यांना 'रुपये'च म्हणतात, आणि सीमेवरच्या बाजारात दोन्ही चालतात. दुकानदार 'सोळाशे' म्हणाला तर ते कोणते सोळाशे? तिथले लोक भारतीय रुपयांना आय.सी. आणि नेपाळी रुपयांना एन.सी. म्हणतात, वस्तू हाती घेण्यापूर्वी, रिक्षात पाय ठेवण्यापूर्वी 'आय.सी. की एन.सी.?' एवढे विचारून घ्यावे. एवढ्या एका प्रश्नाने किती तंटे वाचतात, हे मी पाहिले आहे. मोठ्या भारतीय नोटांसंबंधीचे नियम मात्र वरचेवर बदलत आले आहेत. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती. पुढे त्यातही फेरफार होत गेले. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचे न ऐकता, निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारावे आणि शक्यतो शंभराच्या नोटाच न्याव्यात. २०२४ पासून नेपाळातील पुष्कळ दुकानांतून आपल्याकडील यू.पी.आय.ने पैसे देता येऊ लागले आहेत, त्यामुळे रोख रकमेचे ओझे थोडे हलके झाले आहे. मावशीसारखी रुमालातली घडी आता कोणी बाळगू नये.

आता चोरांकडे वळू. सीमेवरच्या गावात दरोडे पडत नाहीत; तेथे माणूस बोलण्यात सापडतो. गोरखपूरच्या स्थानकाबाहेरच 'थेट काठमांडू' अशी तिकिटे विकणारे भेटतात. बस सीमेपर्यंत जाते, तेथे प्रवासी उतरतात, आणि पलीकडच्या बसमधील माणूस ते तिकीट पाहून मान हलवितो. तेव्हा तिकीट सीमेपर्यंतचेच घ्यावे व पुढचे पलीकडे गेल्यावर काढावे. नौतनवापर्यंत रेल्वे जाते आणि तेथून सोनौली जवळच आहे. कमान पायी ओलांडण्याइतकी जवळ असताना 'सीमा फार लांब आहे' म्हणून सायकलरिक्षात बसविणारेही असतात. सामान जड असेल तर बसावे, पण अंतर जाणून बसावे.

रेल्वेच्या डब्यात किंवा बसमध्ये मैत्री जोडून बिस्किटे, चहा, प्रसाद देणारे आणि त्यात गुंगीचे औषध घालून सामान लांबविणारे, हा प्रकार पूर्व उत्तर प्रदेश व बिहारकडच्या मार्गांवर जुना आहे. तिकडे त्याला 'जहरखुरानी' असे नावच पडले आहे. आपल्या घरी पाहुण्याने दिलेले नाकारणे शिष्टाचारात बसत नाही, आणि नेमक्या त्याच शिष्टाचारावर हे लोक जगतात. मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे की, प्रवासात अनोळखी माणसाने दिलेले खाणे 'नको' म्हणण्यात उद्धटपणा नाही. वृद्धांना सांगणे अधिक कठीण जाते. प्रसादाला ती नाही म्हणू शकत नाहीत. त्यांनी तो भक्तिभावाने कपाळाला लावून पदरात बांधून ठेवावा, अशी युक्ती आमच्या एका परिचित बाईंनी योजली होती.

दुसऱ्याची पिशवी मात्र कोणत्याही सबबीवर घेऊ नये. 'एवढे पलीकडे माझ्या भावाला द्या' म्हणणारी बाई खरोखर भावाला लोकरीचा गळपट्टा पाठवीत असेल. परंतु त्यात गांजा असला तर दोन्ही देशांचे कायदे कडक आहेत, आणि पिशवी कोणाच्या हातात होती एवढेच प्रथम पाहिले जाते. घरकामासाठी तिकडून एखादी लहान मुलगी आणण्याचा विचार तर मनातही आणू नये. या सीमेवरून मुलींची विक्री झाल्याचा इतिहास मोठा व लज्जास्पद आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या 'माइती नेपाल'सारख्या संस्थांच्या कार्यकर्त्या सीमेवर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींची चौकशी करतात. त्या आपल्याला अडवून प्रश्न विचारू लागल्या तर रागावू नये. त्या विचारतात म्हणून कित्येक मुली घरी परतल्या आहेत.

हे मुद्दाम सांगितले, कारण प्रत्येक अडवणूक ही लाचेची प्रस्तावना नसते. भारताच्या बाजूस २००१ पासून सशस्त्र सीमा बलाचे जवान तैनात आहेत, शिवाय सीमाशुल्क खात्याचे लोक व राज्याचे पोलीस असतात. मे महिन्याच्या उन्हात आणि पौषातल्या धुक्यात बारा-बारा तास उभे राहून बॅगा उघडणे हे सुखाचे काम नव्हे. त्यांनी बॅग पाहू म्हटले तर ती हसतमुखाने उघडून दाखवावी. आवाज चढवू नये, ओळखीच्या मोठ्या माणसाचे नाव घेऊ नये, त्यांचे छायाचित्र घेऊ नये. पण हे सगळे उघड्यावर, टेबलापाशी, सर्वांसमक्ष झाले पाहिजे. कोणी एकट्याला बाजूस चलण्यास सांगितले, की तेथे पहिली शंका घ्यावी आणि कुटुंबाने एकत्रच राहावे. भाच्याला दुकानामागे जाऊ दिले, ही आमची सर्वांत मोठी चूक होती. नोटा ही त्यामानाने लहान.

आपल्या कायद्याने या बाबतीत नागरिकाला बरेच काही दिले आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, नातेवाइकास कळविले पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावयाची असते; आणि असाधारण परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. 'म्हातारीला रात्रभर चौकीवर बसावे लागेल' या धमकीत किती दम होता, हे मला तेव्हा ठाऊक असते तर! सीमाशुल्क अधिकारी अंगझडती घेऊ लागल्यास, आपल्याला प्रथम राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे न्यावे, अशी मागणी करण्याचा अधिकार १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १०२ व्या कलमाने दिलेला आहे. ही कलमे समोरच्या माणसाच्या तोंडावर फेकण्यासाठी नाहीत. ती ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज कापत नाही, एवढाच त्यांचा तिथल्या तिथे उपयोग.

लाच देण्याविषयीही एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र ज्याला ती द्यावयास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे तसे कळविल्यास तो गुन्हेगार ठरत नाही. म्हणजे भीतीपोटी पैसे दिले गेले, तरी सर्व संपले असे नाही. आठवडाभराची मुदत असते. मी २०१४ साली घरी येऊन हा विषय कुटुंबात हसण्यावारी नेला. आज तसे करणार नाही.

करावयाचे ते तीन साध्या वाक्यांत बसते, आणि ती हिंदीत म्हटलेली दोन्ही बाजूंना समजतात. दंड असेल तर भरतो, पावती द्या. कार्यालयात चला, तेथे बोलू. आपले नाव काय? एवढे शांतपणे म्हणून मग गप्प राहावे. गप्प राहणे हेच कठीण असते; आपल्यातल्या कोणालातरी मिटवून टाकण्याची घाई होते. घरून निघतानाच ठरवून घ्यावे की, बोलणारा एकच आणि पैशाचे पाकीट दुसऱ्याच्या हाती.

हे सर्व मी २०१९ च्या प्रवासात करून पाहिले. त्यावेळी भूस्खलनाने रस्ता बंद झाल्यामुळे आम्हाला परतण्यास एक दिवस उशीर झाला, आणि गाडीच्या परवान्याची मुदत संपली. परतीच्या वाटेवर गाडी थांबविली गेली. गणवेशातल्या माणसाने कागद पाहिले, मुदत संपल्याचे दाखविले, आणि जरा वेळाने हळूच सुचविले की, दंड बराच होईल, थोडक्यात मिटवता येईल. मी पावतीचे वाक्य उच्चारले. तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला, मग खांदे उडवून म्हणाला, ठीक आहे, कार्यालयात जा. कार्यालयात दोन तास गेले. दंड भरावा लागला, तो त्याने सुचविलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक होता. शिवाय गोरखपूरची गाडी चुकली. पत्नी म्हणाली, "पावती फार महाग पडली हो." तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या रात्री गोरखपूरच्या धर्मशाळेत आम्ही त्या विषयावर मोकळेपणाने बोललो, भांडलोदेखील. पाच वर्षांपूर्वीच्या जीपमधली ती शांतता पुन्हा आली नाही.

प्रसंग ओढवलाच तर कोणाकडे जावे? भारताच्या हद्दीत ११२ हा क्रमांक, रेल्वेत असाल तर १३९. गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घेतली पाहिजे, असे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे. तिची प्रत विनामूल्य मिळते. सोनौलीस चोरी झाली आणि गाडी पकडावयाची असेल तर गोरखपूरला किंवा घरी इंदूरला तक्रार देता येते. नेपाळात पोलिसांसाठी १००, आणि पर्यटकांसाठी १९७९ पासून निराळे पर्यटक पोलीस आहेत, त्यांचा क्रमांक ११४४. तिकडचा सरकारी माणूस पैसे मागत असेल तर 'अख्तियार दुरुपयोग अनुसन्धान आयोग' या घटनात्मक आयोगाकडे १०७ क्रमांकावर तक्रार करता येते. आपला दूतावास काठमांडूस आहे आणि रक्सौलपलीकडे वीरगंज येथे वाणिज्य दूतावास आहे. हे सर्व क्रमांक कागदावर लिहून सासूबाईंच्या बटव्यातही एक प्रत ठेवावी, कारण मोबाइल हरवतो तेव्हा त्यातले क्रमांकही हरवतात.

लुंबिनीला जाताना महाराष्ट्रातून आलेल्या बौद्ध यात्रेकरूंच्या बस पुष्कळ दिसतील. कुशीनगरहून त्या याच वाटेने येतात. अशा मोठ्या गटाबरोबर सीमा ओलांडणे शक्य झाले तर अवश्य ओलांडावी. त्यांचे चालक वर्षातून अनेकदा ये-जा करतात, खिडक्या त्यांच्या ओळखीच्या असतात, आणि मराठी बोलणारी पन्नास माणसे भोवती असताना कोणी एकट्याला दुकानामागे बोलावीत नाही. गोरखपूरहून पहाटे निघावे, म्हणजे दहाच्या आत सीमा पार होते. संध्याकाळ होणार असे दिसले तर अलीकडेच मुक्काम करावा. एक रात्र वाया गेली तर जाऊ द्यावी.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. मला वाटते, भन्सारच्या खिडकीशी थोरल्या मुलाला सोबत न्यावे आणि पावतीवरचे दिवस त्यालाच मोजावयास सांगावे. परतताना उरलेले नेपाळी पैसे कमानीच्या अलीकडे येण्यापूर्वीच बदलून घ्यावेत, नाण्यांची मोड मात्र मुलांसाठी ठेवावी. आणि घड्याळे पंधरा मिनिटे मागे करावीत, नाहीतर गोरखपूरच्या फलाटावर विनाकारण धावपळ होते.